जर्मनीची पे-स्लिप समजावून देणारं राजारामपुरीतलं ऑफिस: पाचपैकी चार

आधीच सांगतो, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस, टॅक्सशी माझं नातं म्हणजे दर महिन्याला सीएच्या ऑफिसात बिलांची पिशवी नेऊन टाकायची आणि फोन आला की सही करायची एवढंच. पण गेल्या वर्षभरात जर्मनीचा टॅक्स मला एवढा पाठ झालाय की चहाच्या गाड्यावर मित्र मुद्दाम विषय काढतात आणि मग पळून जातात. त्याचं सगळं श्रेय राजारामपुरीतल्या या सरांना, म्हणून हा रिव्ह्यू. लांब झालाय, ज्यांच्या घरातलं कुणी तिकडं गेलंय किंवा जाणार आहे त्यांनी वाचा, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालतंय.

झालं असं की धाकटी बहीण नर्सिंग करून, जर्मन भाषेची परीक्षा देऊन मार्च २०२५ मधे तिकडं गेली, स्टुटगार्टच्या जवळ एका गावात वृद्धांच्या केअर होममधे. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं त्याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केला तेव्हापासून आपल्याकडं गल्लोगल्ली जर्मन शिकवायचे बोर्ड लागलेत ते तुम्ही बघितलेच असतील. ती त्या सरकारी योजनेतून नाही, एका एजंटामार्फत गेली. एजंट म्हणाला महिना ३,५०० युरो. युरो शंभराच्या आसपास धरला की झाले साडेतीन लाख, झालं, आईनं गल्लीत पेढे वाटले, मामानं लग्नाची स्थळं बघायला सुरुवात केली. आणि पहिला पूर्ण पगार आला १,९०० च्या आसपास. बहिणीनं रात्री फोन करून सांगितलं तर आई एकच वाक्य बोलत होती, "पोरीला फसवलं रं." एजंटाला फोन लावला तर म्हणतोय तिकडं टॅक्स असतोच की दादा. असतोच की म्हणजे किती? पन्नास टक्के? ते काय त्याला सांगता येईना.

बहिणीनं स्लिपचा फोटो पाठवला. आता ती स्लिप म्हणजे काय प्रकार असतो ते बघितल्याशिवाय कळत नाही, एका पानात चाळीस-पन्नास आकडे, शब्द एकेक असा लांब की ओळ संपली तरी शब्द संपत नाही. मोबाईलवर ट्रान्सलेट मारलं तर एका ठिकाणी "मजुरी कर" आलं आणि एका ठिकाणी "काळजी विमा", आई म्हणाली काळजीचा पण विमा असतो होय, मग माझा आधी काढा.

शिरोलीच्या एका फाउंड्रीतल्या मित्राचा भाचा तिकडं आहे, त्यानं या ऑफिसचा पत्ता दिला. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर एक खोली, पांढरा बोर्ड, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. सर स्वतः तिकडं बारा-तेरा वर्षं नोकरी करून आईवडिलांसाठी परत आलेले. फी १,५०० रुपये, दीड तास, आणि घरचे कितीही माणसं बसा म्हणाले. मी आणि आई गेलो, बहीण व्हिडीओ कॉलवर, इथं सकाळी अकरा तर तिकडं साडेसात, ती नाईट करून येऊन डोळे चोळत बसलेली.

सरांची पहिली गोष्ट मला आवडली ती ही की त्यांनी पैशाच्या आकड्याकडं बघितलंच नाही. स्लिपच्या वरच्या कोपऱ्यात एका बारक्या चौकटीवर बोट ठेवलं, तिथं ६ होता. म्हणाले इथंच घोटाळा आहे. तिकडं टॅक्सचे सहा क्लास असतात, म्हणजे शाळेतले वर्ग नाहीत, पगारातून टॅक्स किती कापायचा याचे गट. १ म्हणजे एकटा माणूस, २ म्हणजे एकट्यानं मूल सांभाळणारा, ३ आणि ५ ही नवराबायकोची जोडी, ज्याचा पगार जास्त त्याला ३ आणि दुसऱ्याला ५, दोघांचा पगार सारखा असेल तर दोघांनाही ४. आणि ६ असतो दुसऱ्या नोकरीसाठी, त्यात कुठलीच सूट धरत नाहीत. आमची एकटी, एकच नोकरी, तिला १ पाहिजे होता. मग ६ का लागला? तर टॅक्सचा ११ आकडी नंबर असतो, आपल्या पॅनसारखा, तो गावात नाव नोंदवलं की काही आठवड्यांनी पोस्टानं घरी येतो. हो, पोस्टानं. तो नंबर मालकाला वेळेत मिळाला नाही की पगाराचं सॉफ्टवेअर ६ धरून मोकळं होतं. खरं तर नवीन माणसाचा नंबर यायला त्याची चूक नसताना उशीर झाला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत बरोबर क्लास लावून पगार काढता येतो, पण यांच्या पगारवाल्यानं ते केलं नाही.

बहीण म्हणाली सर एक पत्र आलंय पण मला वाटलं जाहिरात आहे. उठून आणलं, तेच होतं. तिच्या टेबलावर पंधरा दिवस पडून! सर हसले पण नाहीत, म्हणाले दहातले चार जण हेच करतात, आजच ऑफिसला दे, जास्तीचे कापलेले पुढच्या पगारात परत येतील. आणि आले. मे महिन्याच्या पगारात एप्रिलचे चारशेच्या वर युरो परत आले. माझे १,५०० रुपये तिथंच वसूल झाले, पुढचं सगळं वरकड.

मग खरा हिशोब. सरांनी आईला विचारलं गावाकडं ऊस आहे का. आहे की थोडा, कागल तालुक्यात. मग म्हणाले मावशी ऊसबिल बघता ना तुम्ही, वर टनाचा आकडा केवढा दिसतो आणि खाली सोसायटीचं कर्ज, बियाणं, खत कापून हातात किती येतंय? ही स्लिप म्हणजे ऊसबिल. वरचा आकडा ब्रुटो, खालचा नेटो, मधल्या कपातीत कुठली कशाची ते बघायचं. आई सरळ बसली. एवढ्या वेळ ती नुसती बोर्डाकडं बघत होती, आता म्हणाली सांगा.

क्लास १ लावून ३,५०० चं गणित त्यांनी बोर्डावर मांडलं, २०२५ च्या दरानं. इन्कम टॅक्स साधारण ४१५ युरो. बाकीच्या कपाती ७५४. हातात साधारण २,३३०. मी दोनदा बघितलं. म्हणजे टॅक्सपेक्षा बाकीची कपात जवळजवळ दुप्पट! आणि आपण सगळे इथं बसून "जर्मनीत लई टॅक्स" म्हणत होतो. टॅक्स लई नाही हो, विमा-पेन्शनची वर्गणी लई आहे. हे जर एजंटानं जायच्या आधी सांगितलं असतं तर पेढे थोडे कमी वाटले असते एवढंच, पण ती रात्रभर आईचं रडणं तरी वाचलं असतं.

टॅक्सचा भाग आधी. २०२५ ला वर्षाच्या पहिल्या १२,०९६ युरोवर शून्य. या वर्षी २०२६ ला ते १२,३४८ झालंय. त्याच्यावरच्या पैशावर १४ टक्क्यांपासून सुरू. आपल्याकडं स्लॅब असतात, पाच टक्के मग दहा टक्के, म्हणजे जिना. तिकडं मधे पायऱ्याच नाहीत, पन्हाळ्याचा चढ आहे, प्रत्येक युरोला दर थोडा थोडा वर सरकतो आणि २०२५ ला ६८,४८१ युरोला पोचला की ४२ टक्के, तिथनं सपाट, आणि पार २,७७,८२६ च्या वर ४५. लोक ४२ टक्के वाचून घाबरतात पण तो दर त्या वरच्या पैशालाच लागतो, खालचे पैसे खालच्याच दरानं. हे आपल्याकडं पण तसंच आहे तरी आमच्या उद्यमनगरात अजून शिकलेली माणसं "पगार वाढला तर स्लॅब बदलून नुकसान होईल" म्हणतात, त्यांना कोण सांगणार.

शिवाय त्या टॅक्सवर ५.५ टक्के आणखी एक अधिभार असतो, पूर्व आणि पश्चिम जर्मनी एकत्र आल्यानंतर सुरू झालेला. पण २०२१ पासून मोठ्या पगारवाल्यांनाच लागतो, बहिणीच्या स्लिपवर त्या ओळीत शून्य. आणि चर्चचा टॅक्स! हे मला लई भारी वाटलं. गावात नाव नोंदवताना धर्म विचारतात आणि तुम्ही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सभासद असाल तर सरकारच पगारातून चर्चसाठी टॅक्स कापतं, बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्गमधे टॅक्सच्या ८ टक्के, बाकी सगळीकडं ९. बहिणीची रूममेट केरळची कॅथलिक मुलगी, तिचा पगार हिच्याएवढाच पण तिला ३३ युरो कमी येतात. दोघी दोन महिने डोकं खाजवत होत्या हा फरक कुठला म्हणून. आईचं म्हणणं, देवळात दानपेटीत आपण आपल्या हातानं टाकतो तेच बरं.

आता त्या ७५४ कडं येऊ. चार ओळी असतात स्लिपवर, दोन दोन अक्षरांच्या, जर्मन उच्चार का-फाऊ, एर-फाऊ, आ-फाऊ, पे-फाऊ. आई म्हणाली ही काय चौघं भावंडं आहेत काय. सर म्हणाले तसंच धरा मावशी, चार भाऊ आहेत, पगार झाला की दारात उभे. का-फाऊ दवाखान्याचा विमा, एर-फाऊ पेन्शन, आ-फाऊ नोकरी गेली तर, पे-फाऊ म्हातारपणी परावलंबी झालं तर सांभाळायचा.

सगळ्यात थोरला पेन्शनचा. एकूण १८.६ टक्के, त्यातले अर्धे म्हणजे ९.३ तिचे, ९.३ मालकाचे. ३,५०० वर तिचे ३२५ युरो ५० सेंट. मी म्हटलं हा आपला पीएफ. सर म्हणाले नाही, इथंच सगळे चुकतात. पीएफ तुमच्या नावावर साठतो, व्याज पडतं, लग्नाला काढता येतो. तिकडं तिचे पैसे साठतच नाहीत, या महिन्याला तिच्याकडनं घेतले की याच महिन्यात आजच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला गेले. तिच्या नावावर पैसे नाही, पॉइंट जमा होतात. देशाच्या सरासरीएवढा पगार वर्षभर घेतला तर एक पॉइंट, कमी घेतला तर कमी. जुलै २०२५ च्या दरानं एका पॉइंटला महिना ४० युरो ७९ सेंट पेन्शन. कमीत कमी पाच वर्षं भरलं तर हक्क बसतो. आणि पाच वर्षांच्या आत भारतात परत आली तर दोन वर्षं थांबून अर्ज करायचा, तिचे स्वतःचे भरलेले परत मिळू शकतात, मालकाचे नाही. शिवाय भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळं पेन्शन इथं कोल्हापुरात पण येऊ शकतं. एखादी इथली कंपनीच माणसाला थोड्या वर्षांसाठी तिकडं पाठवते तेव्हा तो ईपीएफओ म्हणजे पीएफच्या ऑफिसकडनं सर्टिफिकेट घेऊन इथलाच पीएफ चालू ठेवतो, तिकडचं पेन्शन भरायला लागत नाही. आमच्या शिरोलीच्या मित्राच्या भाच्याचं तसंच निघालं, म्हणून त्याची स्लिप आणि हिची स्लिप जुळतच नव्हती आणि आम्ही उगीच तुलना करून रक्त आटवत होतो.

दवाखान्याचा १४.६ टक्के, अर्धा अर्धा, वर प्रत्येक विमा संस्थेचा आपापला जादा दर, २०२५ ला सरासरी २.५ धरलेला, तो पण अर्धा अर्धा. हिचे २९९ युरो. महाग वाटतंय ना? मला पण वाटलं. पण सप्टेंबरात तिचं ॲपेंडिक्स काढलं, पाच दिवस ॲडमिट, आणि दवाखान्याचे दिवसाला १० युरो म्हणजे ५० युरो भरून घरी आली. इथं आम्ही डिपॉझिट भरायला किती धावाधाव झाली असती याचा हिशोब करत बसलो होतो. आणि आजारपणात सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, त्याच्यापुढं विमा संस्था ब्रुटोच्या ७० टक्के देते, नेटोच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आमच्या उद्यमनगरात तीन दिवस ताप आला की तीन दिवसाचा पगार गेला, विषय संपला.

सर मधेच म्हणाले हे सगळं तिकडच्या जुन्या चॅन्सलर बिस्मार्कनं चालू केलं, दवाखान्याचा विमा १८८३ ला, अपघाताचा १८८४ ला, म्हातारपणाचा १८८९ ला. शाहू महाराजांनी राज्यकारभार हातात घेतला १८९४ ला, म्हणजे त्याच्या अकरा वर्षं आधी तिकडं कामगाराच्या दवाखान्याच्या विम्याचा कायदा झाला होता. हे ऐकून मी गप्पच झालो.

नोकरी गेली तर चा भाऊ सगळ्यात बारका, एकूण २.६, तिचे १.३ टक्के, ४५ युरो. अडीच वर्षांत बारा महिने भरलेलं असेल तर नोकरी गेल्यावर आधीच्या नेटोच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७.

आणि चौथा, काळजीचा. हा १९९५ पासूनचा. एकूण ३.६, तिचे निम्मे १.८ व्हायला पाहिजेत, पण स्लिपवर २.४ कापलेले, ८४ युरो. मी म्हटलं सर इथं चूक. ते म्हणाले चूक नाही, तिला मूलबाळ नाही आणि वय २३ च्या वर, म्हणून ०.६ जादा. २००१ साली तिकडच्या घटनापीठानं सांगितलं की पोरं वाढवणारा माणूस या विम्याला पुढचे वर्गणीदार देतो, त्याच्याकडनं आणि बिनामुलांच्याकडनं सारखे पैसे घेणं बरोबर नाही, त्याच्यानंतर हा जादा दर आला. २०२३ पासून तर दुसऱ्या मुलापासून पाचव्या मुलापर्यंत उलट सूट. आईला एवढंच पाहिजे होतं. "बघ, सरकार पण तेच म्हणतंय, लग्न कर म्हणून." बहिणीनं तिकडनं कॅमेराच बंद केला.

पण नंतर तीच कॅमेरा चालू करून एक गोष्ट बोलली ती माझ्या डोक्यातनं जात नाही. म्हणाली दादा, माझ्या होममधे ज्या आजी आहेत, रोज सकाळी मी ज्यांना अंघोळ घालते, त्यांच्या बिलाचा काही भाग याच विम्यातनं येतो. म्हणजे माझ्या पगारातले ८४ युरो फिरून परत माझ्याच मालकाकडं. सर म्हणाले अगदी बरोबर, आणि बाकीचा भाग आजींच्या पेन्शनमधनं, ती पण तुझ्या ३२५ मधनंच. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "त्या म्हातारीला पोरं नाहीत का?" आहेत म्हणे, दोन, हँबुर्गला.

आता एक गोष्ट जी मला पटली नाही ती पण लिहितो. टॅक्सला पहिल्या बारा हजारांची सूट आहे, या वर्गण्यांना नाही, पहिल्या युरोपासनं कपात. महिना २,००० च्या आत कमावणाऱ्याला थोडी सवलत असते पण हिला ती नाही. आणि वरच्या बाजूला मर्यादा! २०२५ ला दवाखाना आणि काळजीची कपात महिना ५,५१२ युरो ५० सेंटपर्यंतच, पेन्शन आणि बेकारीची ८,०५० पर्यंत. म्हणजे दहा हजार कमावणारा डॉक्टर त्याच्या पुढच्या पैशावर काहीच भरत नाही, आणि वर्षाला ७३,८०० च्या वर कमावणारा तर सरकारी विमा सोडून खासगीत जाऊ शकतो. म्हणजे टॅक्स वर चढत जातो आणि वर्गणी एका उंचीला जाऊन थांबते, दोन्ही मिळून मधल्या माणसाच्या मानेवर. मी म्हटलं हे कुठलं न्यायाचं. सरांचं म्हणणं पेन्शन पण तेवढीच मिळते, पॉइंट पण तिथंच थांबतात, त्यामुळं त्यात अन्याय नाही. पेन्शनचं ठीक आहे हो, पण दवाखान्याचं? त्यावर त्यांनी चहा मागवला. असो.

आणि मालकाचा अर्धा हिस्सा स्लिपवर ठळक दिसत नाही त्यामुळं लक्षात येत नाही, तिच्या ३,५०० वर मालक आणखी साधारण ७३० युरो भरतो, शिवाय कामावरच्या अपघाताचा विमा पूर्ण मालकाच्या खिशातनं. म्हणजे मालकाला ती सव्वाचार हजाराला पडते आणि तिच्या हातात २,३३०. मी पण दोन पोरं कामाला ठेवलेला माणूस आहे, हा आकडा ऐकून पहिल्यांदा त्या जर्मन मालकाबद्दल मला थोडं वाईट वाटलं.

दुसरी भेट जानेवारीत झाली, रिटर्नसाठी, आणि तिथं सरांचा प्रामाणिकपणा दिसला. मी म्हटलं तुम्हीच भरून टाका, पैसे घ्या. नाही म्हणाले. तिकडं पैसे घेऊन टॅक्सचा सल्ला द्यायला आणि रिटर्न भरायला कायद्यानं ठरलेलीच माणसं लागतात, परवानाधारक टॅक्स सल्लागार नाहीतर पगारदारांच्या सभासद संस्था, जिथं वर्षाची वर्गणी भरून ते भरून देतात. सर म्हणाले, मी फक्त शब्दांचा अर्थ सांगेन, बटण तिनंच दाबायचं. एल्स्टर म्हणून सरकारी पोर्टल आहे, फुकट. त्याच्या लॉगिनचा कोड पण पोस्टानंच येतो, मी विचारलंच नाही का म्हणून.

एकट्या पगारदाराला तसं रिटर्न भरायची सक्ती नसते, चार वर्षांत कधीही भरून परतावा मागता येतो. पण तिनं त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत इथं कोल्हापुरात नोकरी केलेली, तो पगार तिकडं दाखवायचा असतो. त्याच्यावर तिकडं टॅक्स लागत नाही, पण बाकीच्या पैशाचा दर ठरवताना तो मोजतात. त्यामुळं पहिल्या वर्षी भरायचंच, मुदत ३१ जुलै. फायदा असा की दर महिन्याला टॅक्स कापताना वर्षभर नोकरी धरून कापतात आणि ती होती दहाच महिने, म्हणून सूट उरते. कामाच्या खर्चाचे १,२३० युरो तर बिल न दाखवता मिळतात, जाण्याचा खर्च, कागदपत्रांची फी धरून त्याच्यावर गेलं तर बिलं लावायची. तिनं लावली, कुरिअरची पावती पण.

या भेटीत दोन गोष्टी अशा कळल्या ज्या आमच्या सीएला पण माहीत नव्हत्या. एक, तिच्या एनआरई एफडीचं, म्हणजे परदेशात राहणाऱ्याच्या इथल्या बँकेतल्या ठेवीचं व्याज. सीए म्हणाला टॅक्स फ्री. सर म्हणाले भारतात फ्री, पण ती आता तिकडची रहिवासी, तिकडं जगभरातलं उत्पन्न मोजतात, त्यामुळं व्याज तिथं दाखवायचं. वर्षाला १,००० युरोपर्यंतच्या व्याजाला माफी असते, त्याच्यावर २५ टक्के. तिचं व्याज त्या आतच आहे पण ज्यांनी पाच-सात वर्षांचे पैसे इथं एफडीत ठेवलेत त्यांनी जागं व्हा.

दुसरी, आईला पाठवायचे पैसे. आईला उत्पन्न नाही, तिचं पोषण बहीण करते हे दाखवून वजावट मिळते. भारतासाठी तिकडच्या रकमेच्या पावपट धरतात, म्हणजे २०२५ ला जास्तीत जास्त ३,०२४ युरो वर्षाला. पण २०२५ पासून नियम असा की पैसे बँकेतनं, आणि आईच्याच खात्यावर गेले पाहिजेत. आम्ही काय केलं होतं, सगळे पैसे माझ्या खात्यावर, मी एटीएममधनं काढून आईच्या हातात. सात महिने. ते सगळे गेले, धरले नाहीत. ऑक्टोबरपासून नशिबानं आईचं खातं वापरायला लागलो होतो, तेवढेच धरले. आईच्या फॉर्मवर इथल्या सरकारी ऑफिसचा शिक्का पण लागतो, जर्मन-इंग्रजी फॉर्म बघून साहेब म्हणाले हे काय आहे, तीन चकरा झाल्या.

इथंच माझी सरांबद्दलची तक्रार. ही खात्याची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला पाहिजे होती. मे महिन्यात सांगितली असती तर पाच महिन्यांचे पैसे धरले गेले असते. विचारलं तर म्हणाले तुम्ही पैसे पाठवण्याबद्दल विचारलं नाही. अहो मला विचारायचं काय ते माहीत असतं तर मी आलो कशाला असतो? दुसरी तक्रार, त्यांनी हातात दिलेला छापील कागद २०२३ चा होता, करमुक्त रक्कम १०,९०८ छापलेली, बोर्डावर बरोबर आकडा आणि कागदावर जुना. दाखवल्यावर पेननं खोडून दुरुस्त करून दिला, पण माझ्या मागच्या माणसाला तोच जुना दिला हे मी बघितलं. तिसरी, अकराची वेळ दिली की साडेबारा धरा. आणि फोनवर एक साधा प्रश्न विचारला तरी ५०० रुपये, हे जरा जास्त वाटतंय.

परतावा आला मे महिन्यात, साधारण ९०० युरो. त्या दिवशी सरांना पेढे घेऊन गेलो, त्यांनी एक तोंडात टाकला आणि विचारलं घरात टीव्हीचं पत्र आलं का. मी म्हटलं कसलं. म्हणाले तिकडं प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीचे महिना १८ युरो ३६ सेंट द्यावे लागतात, टीव्ही असो नसो. टॅक्स नाही, पण सुटका पण नाही. बहिणीला फोन केला तर म्हणाली हो दादा, तीन पत्रं आलीत, मला वाटलं जाहिरात आहे.

शनिवारीच जा, रविवारी बंद असतंय. स्लिपची प्रिंट घरनं काढून न्या, खालचा झेरॉक्सवाला रंगीत प्रिंटचे वीस रुपये घेतो. गाडी मेन रोडलाच लावा, गल्लीत लावलीत तर समोरचा दुकानदार हवा सोडतो, माझी दोनदा सोडलीय.